मुराळी मीच

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड
कानात अजून गुलाल आहे, दोनदा साबण लावला तरी जात नाही. पण बातमीच अशी आली की लिहायला बसलो.

तळोद्याहून पाव्हण्यांचा फोन. पाव्हणे म्हणजे धीरजराव, माझ्या धाकट्या बहिणीचे, कामिनीचे यजमान. म्हणाले, कामिनीचं तिसरं पुस्तक येतंय, पुढच्या महिन्यात प्रकाशन. नाव विचारलं. म्हणाले, 'मुराळी'.

मुराळी! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीच्या सासरी जाऊन तिला मानानं माहेरी घेऊन येतो तो भाऊ. आता कामिनीला भाऊ किती? एक. मी, मोतीलाल. विषय संपला.

पहिला संग्रह मायवर, ओव्यांमध्ये. दुसरा अप्पांवर, म्हणजे वडिलांवर, अभंगांमध्ये. तिसरा माझ्यावर, आणि तो म्हणे आखाजीच्या झोक्यावरच्या गाण्यांच्या चालीत. सीनियॉरिटीप्रमाणे नंबर लागला. उशीर झाला, पण मी मनात ठेवत नाही.

आजपासून ही रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. कामिनीला पुढे संदर्भाला लागली आणि तिनं नीट मागितली, तर बघू.

१५ मार्च
मायला सांगितलं, यंदाचं पुस्तक माझ्यावर आहे. तिनं नाव विचारलं. सांगितलं. तर म्हणे, तू कव्हय मुराळी व्हयना रे?

वय झालंय तिचं. काही लक्षात राहत नाही.

दरवर्षी न चुकता आखाजीला गाडी जाते तळोद्याला. गाडी माझी, डिझेल माझं, भिला माझा. भिला म्हणजे आमचा गडी, पिकअप तोच चालवतो. अप्पा होते तेव्हा एकदा मी स्वतः गेलो होतो, फेटा बांधून. नंतर दर वर्षी काही ना काही आडवं आलं. उसाची तोड, विहिरीची मोटर, आणि आखाजीच्या दोन दिवस आधीपासून पारावर पत्ते बसतात ते एक. लोकांना वाटतं पत्ते म्हणजे चैन. आमच्याकडे आखाजीला पत्ते हा रिवाज आहे. रंगात आलेला डाव मोडून उठणं बरं दिसत नाही. आणि तळोदा काय, तासाभराचा रस्ता. मी गेलो काय, भिला गेला काय, बहीण घरी पोचल्याशी मतलब.

१८ मार्च
जुनी दोन्ही पुस्तकं शोधली. एक सापडलं, धान्याच्या कोठीखाली. कोठी डुगडुगत होती म्हणून कोणीतरी लावलं असेल. (मी नाही.)

त्यात माझा उल्लेख आहे! 'भाऊ जेवून झोपला, माय उपाशी जागी.' आधी कधी नीट वाचलं नव्हतं. म्हणजे पहिल्यापासून तिच्या डोक्यात मी होतोच. दुसऱ्या पुस्तकात मात्र कुठेच नव्हतो. तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाली, अभंगात बसला नाहीस. मोतीलाल, चार अक्षरं. अप्पांची सायकल बसते, सायकलीची घंटा बसते, मी बसत नाही. असो. त्याची भरपाई आता होतेय.

३० मार्च, रविवार. पाडवा
शहाद्याला जाऊन पिकअपच्या पुढच्या काचेवर रेडियम करून आणलं. 'मुराळी'. लाल अक्षरं, बाजूला दोन मोर. मोरांचे वेगळे पैसे घेतले.

भिलाला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, भाऊ, हे माझ्या गाडीवर कशाला? मी म्हटलं, तुझी गाडी? तो हसला, म्हणाला, मी चालवतो म्हणून बोललो. साधा माणूस आहे. तळोद्याला जाणारी गाडी तीच, म्हणून तिच्यावर.

बॅनरही सांगितला. मधोमध माझा फोटो, फेट्यातला. कोपऱ्यात कामिनी. पुस्तकाच्या शंभर प्रती माझ्याकडून, सगळ्या भाऊबंदांत वाटणार.

निश्चय: १. रोज सकाळी चालायला जायचं, स्टेजवर पोट दिसता कामा नये. २. भाषण पाठ. ३. यंदा आखाजीला स्वतः जाणार. पत्ते बंद.

२ एप्रिल
चालायला गेलो. कुत्री मागे लागली.

३ एप्रिल
चालणं बंद. ऊन फार. पोट फेट्यामुळे तसंही कमी दिसतं.

१३ एप्रिल, रविवार
भाषणाची तालीम सौ.समोर. 'बहीण-भावाचं नातं हे...' एवढ्यावर ती उठून दूध बघायला गेली. परत आली तेव्हा विचारलं, कसं वाटलं? तिनं उलट मलाच विचारलं, पुस्तक वाचलं का तुम्ही?

म्हटलं, वाचायचं काय त्यात? मी ते जगलोय.

यावर ती पदरानं तोंड पुसत आत गेली. भरून आलं असावं.

२० एप्रिल, रविवार. रात्री
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

तळोद्याचा हॉल. खच्चून गर्दी. पंखे सगळे स्टेजवर. मी फेट्यात, पहिल्या रांगेत. माय, सौ. शेजारी. भिला मागे भिंतीशी उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला कशाला इस्त्री, असं एकदा मनात येऊन गेलं.

पाहुण्यांची भाषणं झाली. मग कामिनी उठली. हिरवं लुगडं, चष्मा. म्हणाली, एक गाणं म्हणते. आखाजीला बाया झोक्यावर म्हणतात त्याच चालीवर म्हणाली, आणि आमच्याच बोलीत.

गाडी उनी वं माय, दारमा उनी
भाऊनी जागा वं, सुनी नी सुनी

मी सौ.ला कोपरानं खुणावलं. गाडी आली बघ! आपली गाडी!

पानी दिधं त्याले, पाट दिधा त्याले

मी उठलो. कोणालाही वाटेल की आता नाव येणार. फेटा सारखा केला, दोन पावलं स्टेजकडे टाकली. फोटोवाल्यानं माझ्याकडे कॅमेराही वळवला.

मुराळीना मान वं, दिधा भिलाले

टाळ्या. कामिनी मागे भिंतीकडे हात करून म्हणाली, भिलादादा, वर ये. तो नको नको म्हणत होता, लोकांनी ढकलत आणला. पुस्तकाची पहिली प्रत त्याच्या हातात. मी मधल्या वाटेत उभा. वरही जाता येईना, बसताही येईना. शेवटी पंखा बघायला उठलोय असं दाखवलं आणि पंख्याचं तोंड फिरवलं.

बाहेर पिकअपपाशी पोरी फोटो काढत होत्या. काचेवर 'मुराळी', खाली भिला. त्यांना वाटलं त्याच्यासाठीच करून घेतलंय. मोर छान आहेत म्हणाल्या.

२१ एप्रिल
शांत डोक्यानं विचार केला. तसं बघितलं तर मानच झाला माझा. भिलाला कोणी पाठवलं? मी. आहेर घरमालकाच्या नावावर लिहितात, आणणाऱ्या गड्याच्या नाही. पुस्तकात पुढे हा खुलासा असणारच. कवितेत सगळं एकदम सांगत नाहीत.

आजपासून पुस्तक वाचणार.

२२ एप्रिल
अर्पणपत्रिका: 'भिलादादास, जो आला.'

पुढे वाचवलं नाही. मोटर बघायला गेलो. मोटर चालू होती.

२४ एप्रिल
पूर्ण वाचलं. मी कुठेच नाही. म्हणजे आहे, पण नसण्यात आहे. पानापानावर कोणीतरी येत नाही, आणि तो येत नाही तो मीच.

एका गाण्यात अप्पा गेले त्या वर्षीची आखाजी आहे. ती सकाळपासून ओट्यावर पिशवी मांडीशी घेऊन बसलेली. शेजारणींचे भाऊ येऊन गेले, त्यांना पाट, पाणी, गोडधोड झालं. हिची गाडी दुपारी आली. सासू म्हणाली, बाई, तुझ्या माहेरी माणसं संपली का? त्या गाण्यात भिलाच्या डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलंय.

त्याच्या डोळ्यांचं लिहायला वेळ आहे! सख्ख्या भावाचं एकदाही विचारलं नाही की बाबा, तू का आला नाहीस, तुझ्या काय अडचणी होत्या. त्या वर्षी माझे वडील गेले नव्हते का? मी पारावर बसलो होतो ते काय हौसेनं? घरात बसवत नव्हतं म्हणून बसलो होतो.

हा विश्वासघात आहे. स्पष्ट लिहितो, विश्वासघात. घरातली गोष्ट घरात राहायला हवी होती. शंभर प्रती घेतल्यात मी! कोणाला वाटू आता? सगळ्या कोठीच्या खोलीत ठेवल्या. बॅनर उतरवला, गोठ्यावर टाकला. म्हशीवर सावली पडते.

२५ एप्रिल
कामिनीला फोन. खडसावायचंच ठरवून केला. म्हटलं, तू मला जगात उघडं पाडलंस. इतक्या वर्षांची गाडी, डिझेल, कशाचाच हिशेब नाही का?

ती शांतपणे म्हणाली, दादा, गाडी मला नकोच होती रे. एस.टी. येते ना आपल्या गावाला, कळसाडीला. मला तू हवा होतास.

मी दोनदा हॅलो म्हटलं. लाइन खराब होती. मग म्हटलं, यंदा मी स्वतः येतोय. मग तुला नवीन पुस्तक लिहावं लागेल, दुरुस्तीचं. ती म्हणाली, ये. आखाजीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी ये. जेवणाच्या आत ये, पाट मांडून ठेवते. नाही आलास तर मी माझी सोय बघीन, मग मात्र रुसू नकोस.

म्हटलं, नाही आलो तर नाव बदलीन.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, नवीन नाव काय ठेवायचं ते बघून ठेवा.

२६ एप्रिल
भिलानं मंगळवार-बुधवारची सुट्टी मागितली. कशाला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, बहीण आणायची आहे आखाजीला. बोलताना घाबरत होता.

त्याच्यावर राग होताच. पण मी मोठ्या मनाचा. म्हटलं, जा. वर पिकअपही देतो, घेऊन ये तिला मानानं. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणाला, भाऊ, पण तुम्ही जाताय ना ताईला आणायला? म्हटलं, तो माझा घरचा प्रश्न आहे. तू तुझ्या बहिणीचं बघ.

बरंच वाटलं. पुस्तक काहीही म्हणो, गड्याच्या बहिणीचा विचार करणारा मालक आहे मी. त्याला बहीण आहे हे आजच कळलं.

२८ एप्रिल, सोमवार
जय्यत तयारी. कार धुतली. फेटा. आंगणातल्या कडुलिंबाला झोक्याचा नवा दोर बांधला, फळी लावली. दरवर्षी हे काम भिला करतो, यंदा मी केलं. स्वतः बसून बघितलं. फांदी कुरकुरली पण टिकली. सौ.नं सांजोऱ्या केल्या, एक डबा तळोद्याला न्यायला वेगळा.

संध्याकाळी पारावरून निरोप, पत्ते बसलेत. कळवलं, येणार नाही. असा निरोप माझ्याकडून पहिल्यांदाच गेला असेल. माय ऐकत होती. म्हणाली, आते बरं शे. इतकंच, पण पाठीवरून हात फिरवला. शाळेत असताना फिरवायची तसा.

२९ एप्रिल, मंगळवार. सकाळी सात
आज. आंघोळ झाली, फेटा बांधला. भिला आला होता. तुम्ही निघताय ना भाऊ, म्हणाला. म्हटलं, आत्ता निघतो. तरी उभाच. मग पुन्हा तेच विचारलं. ओरडलो त्याच्यावर. बहिणीला आणायचं तर जा म्हणावं खुशाल, माझ्यावर पहारा कशाला?

नऊ
निघताना पारावरून गेलो. नुसतं दाखवायला, की बघा, चाललोय. त्यांनी फेट्याचं कौतुक केलं. चौथा भिडू नव्हता त्यांना. म्हणाले, एकच डाव, मोतीभाऊ. एका डावानं काय होतं? जेवणाला अजून खूप वेळ आहे.

साडेअकरा
जिंकतोय. शकुन चांगला आहे. जिंकता जिंकता उठलं तर लोक नावं ठेवतात. हे घाईत पारावरच लिहितोय.

मघाशी भिला पिकअप घेऊन समोर येऊन थांबला होता. उतरून आला आणि परत तेच, भाऊ, जाताय ना? सगळ्यांसमोर. म्हटलं, तुला सुट्टी दिली आहे ना? निघ. त्यानं थोडा वेळ माझ्या पत्त्यांकडे बघितलं आणि गेला.

दोन
आता ऊन फार आहे. या उन्हात बाईमाणसाला आणायचं म्हणजे तिलाच त्रास. उन्हं उतरल्यावर निघतो. कामिनी समजून घेईल. जेवणाच्या आत म्हणाली होती, पण दिवसाचं की रात्रीचं हे कुठे म्हणाली?

रात्री
पाचला तळोद्यात पोचलो. कामिनीच्या दाराला कुलूप. ओट्यावर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, बाजूला पाण्याचा तांब्या. पाट कोणीतरी वापरलेला दिसत होता. रांगोळी एका बाजूनं पुसली होती.

शेजारच्या अख्तरबानो बाहेर आल्या. म्हणाल्या, भाईसाब, वो तो दोपहर में गई अपने मायके. उनके भाई आए थे ना लेने को. मी म्हटलं, कोणते भाई? त्या म्हणाल्या, वही, हर साल वाले. गाडी पे लिखा भी था, मुराळी.

मग माझ्या फेट्याकडे बघून विचारलं, आप कौन?

म्हटलं, नात्यातला आहे.

सांजोऱ्यांचा डबा त्यांच्याकडे ठेवायला दिला. त्यांनी पाणी विचारलं. पाटाशेजारचा तांब्या दिसत होता. नको म्हटलं. गाडीत येऊन बसलो आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. भिलानं मला माझ्याच गाडीत फसवलं. कामिनीनं फसवलं. सुट्टी दिली मी, गाडी दिली मी, आणि बहीण माझीच!

घरी आलो तर घरात कामिनी नाही. सौ. म्हणाली, भिलाकडे उतरली आहे.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
सकाळी पितरांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. अप्पांचं नाव घेतलं. अप्पा दरवर्षी जायचे आत्याला आणायला. ऊस असो, ताप असो. आज का आठवलं कोणास ठाऊक.

मायनं नवं लुगडं नेसलं आणि काठी घेतली. विचारलं, कुठे? म्हणाली, मन्ही लेक उनी शे, मी जास. म्हटलं, गड्याच्या घरी? समाज काय म्हणेल? तिनं मागे वळूनही बघितलं नाही. भिलाचं घर काय, नाल्यापलीकडे, इथून गच्चीवरून दिसतं. तरी तिला पोचायला वेळ लागला. मी गच्चीवरून बघत होतो. नाल्यात भिला पुढे आला आणि हात धरून घेऊन गेला.

मग सौ. पुरणपोळ्यांचं ताट झाकून निघाली. म्हणाली, कामिनीताई बोलावतेय. तुम्हालाही बोलावलंय. म्हटलं, मला बोलवायचं तर मानानं यावं कोणीतरी घ्यायला.

सौ. हसली. इतकी वर्षं संसार झाला, असं हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसले आणि गेली.

दुपारी
पारावरून निरोप आला, चौथा भिडू नाही. गेलो नाही. आजारी आहे असं कळवलं. तसा आजारीच आहे.

चार
भिलाच्या आंगणात लिंबाखाली सगळ्या बाया जमल्यात. झोका उंच जातोय, गच्चीवरून पदर दिसतात. हिरवा कामिनीचा. भिलाची बायको रेवाबाई झोका देतेय. पिकअप दारातच उभी, उन्हात ती लाल अक्षरं इथपर्यंत चमकतात. मोर दिसत नाहीत.

गाणी चालू आहेत. प्रत्येकीनं आपापल्या भावाचं नाव घ्यायचं असतं, ती रीतच आहे. कामिनीची पाळी आली तेव्हा मी कठड्याला टेकून कान देऊन ऐकलं. वारा उलटा होता. नाव चार अक्षरांचं नव्हतं.

खाली आलो. आपल्या झोक्यावर बसलो थोडा वेळ. दोर नवा आहे, फळी घट्ट आहे, सावली पण आपल्या लिंबाची जास्त आहे. कामिनीनं निदान एकदा येऊन बसायला हवं. तिच्यासाठी बांधलाय. ती रुसली असेल, मान्य, पण रुसलेल्या माणसाला कोणीतरी जाऊन बोलवावं लागतं. नाल्यापलीकडेच तर आहे, पाच मिनिटांचा रस्ता.

कोणाला पाठवावं याचाच विचार करतोय. भिलालाच सांगितलं असतं, पण तो आज सुट्टीवर आहे.